उन्हाळी खबर, दुरुस्तीसह

१० फेब्रुवारी

भावजी,

फोनवर तुम्ही "हं" आणि "बरं आहे" यापलीकडे जात नाही, आणि तेवढ्यात इथला टॉवर मान टाकतो. म्हणून पत्र. आपल्या लाँचवरचा मिस्त्री सामान आणायला बेटावरून पलीकडे जातोच, जाताना टपालात टाकेल.

पायाचं सगळं तुमच्या लेकीकडून कळतं. प्लॅस्टर निघालं, काठी सुटली, जिना चढता-उतरता. ऐकून फार बरं वाटलं. धक्क्यावरून घसरलात त्या दिवशीचा तुमचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

इथे समुद्राकडच्या खोल्यांचं रंगकाम काढलं. रंगाऱ्याला पांढरा सांगितला होता, त्याने लोण्यासारखा पिवळट दिला आणि वर मलाच पटवून गेला की हाच पांढरा. पाहुण्यांची विचारणा सुरू झाली आहे. छत्रीवाल्या बाई येणार आहेत, म्हणजे याही वर्षी काळ्या छत्रीखाली बसून तोच खडक रंगवणार आणि याही वर्षी तो त्यांना जमणार नाही. कोर्टातले साहेब विचारतात, लाँच आपल्या फाटकापाशीच लागते ना? निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय.

आता मुद्दा. परीक्षा संपायच्या आत आपली उन्हाळी खबर सगळ्या पाहुण्यांना जायला हवी. घरातलं मी लिहिते, समुद्रातलं तुम्ही, हे तुमचे दादा होते तेव्हापासून चालत आलंय. माझा भाग झाला, तुमचा कोरा आहे. पोहायला यंदा कुठे, ओहोटीला कुठवर चालायचं, हे कळवा. आणि मुख्य म्हणजे, लाँच कधीपासून सुरू म्हणून लिहू? मिस्त्री पोती आणि टपाल आणतो, पण माणसं न्यायचा परवाना तुमच्याच नावावर आहे. तुम्ही आला नाहीत तर यंदा खोल्या पिवळट रंग बघत रिकाम्या बसतील, आणि त्यांच्यासोबत मीही.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. पाय बरा आहे. व्यायाम करवून घ्यायला एक मुलगी येते. ती मला फरशीच्या रेघेवरून चालवते आणि "छान, छान" म्हणते. नात पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा आम्ही तिला असंच म्हणत होतो.

लेक म्हणते, आता इथेच राहा. जावईही म्हणतो, आणि तोंडदेखलं म्हणत नाही. गॅलरीतून दोन इमारतींच्या फटीत रुमालाएवढा समुद्र दिसतो. भागतं त्यावर.

लाँचचं विचारलंत. बेटावरच्या नव्या हॉटेलवाल्यांचा माणूस येऊन गेला, तो गॉगलवाला. घरातसुद्धा गॉगल काढत नाही. त्यांना लाँच विकत हवी आहे. हॉटेलच्या हिरवळीवर उभी करून तिच्यात सरबताचा गाळा काढणार म्हणे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तुमच्या पाहुण्यांनी त्यांच्या स्पीडबोटीने यावं. खबरीत लिहून टाका, जुनी लाँच बंद. समुद्राचं तुम्हाला सुचेल ते लिहा.

दवाखान्यात होतो तेव्हा तुम्हाला यायला सवड झाली नाही. रंगकाम होतं असं मिस्त्री म्हणाला. रंग चांगला आला असेल.

तुमचा दीर


४ मार्च

भावजी,

रंगाचं मागच्या पत्रात लिहिलंच होतं.

स्पीडबोट बेटाच्या दुसऱ्या टोकाला लागते. तिथून आपल्या घरापर्यंत कोर्टातल्या साहेबांना काय मी पाठुंगळी आणू? असो. तुम्ही सुचेल ते लिहा म्हणालात, तर लिहिलंय. छापायला टाकण्याआधी एकदा नजर घालावी म्हणून पाठवते. नाही घातलीत तरी चालेल, बाई चांगला निघालाय मसुदा.

"पोहणाऱ्यांसाठी: यंदा उत्तरेकडच्या काळ्या खडकांपाशी पोहावे. तिथे सकाळी सावली असते व पाणी खोल असल्याने पायाला वाळू लागत नाही.

चालणाऱ्यांसाठी: ओहोटीला समोरच्या टेकाडापर्यंत चालत जाता येते. डबा बरोबर न्यावा, तिथे निवांत जेवून वामकुक्षी करून परतावे.

लाँचमध्ये चढताना: धक्का आणि लाँच यांच्या मधल्या पाण्याकडे नीट बघत चढावे, म्हणजे पाय चुकत नाही."

कसं वाटलं?

वहिनी


११ मार्च

वहिनी,

कुणाला बुडवायचा विचार आहे का?

तुमचा मसुदा वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीने रक्तदाब मोजला. काळ्या खडकांपाशी पाणी वरून शांत दिसतं आणि खालून माणसाला ओढून नेतं, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोहायचं ते दक्षिणेच्या वळणावर, जिथे पाणी कमरेच्या वर जात नाही. पण तिथलीही वाळू दर वर्षी जागा बदलते. मी हंगामाआधी काठी घेऊन अख्खं वळण चालून बघतो आणि मग झेंडे लावतो. हे यंदा कोण करणार आहे? रंगारी?

आणि टेकाडावर वामकुक्षी? जाऊन, हात लावून, लगेच मागे फिरायचं. वाळू ओली चकचकीत दिसायला लागली की गप्पा अर्ध्यात सोडून निघायचं. तुमचे पाहुणे तिथे घोरत पडले तर भरती काय त्यांना उठवायला थांबेल?

सगळ्यात कहर म्हणजे लाँचचं. पाण्याकडे बघत चढा म्हणे. वहिनी, उभा जन्म मी एकच वाक्य बोलत आलो: पाण्याकडे बघू नका, हाताकडे बघा. माझ्या हाताकडे. पाण्याकडे बघितलं की फट रुंद होते, पाय जड होतो आणि माणूस तिथेच खुंटासारखा उभा राहतो. पण तुम्हाला कसं ठाऊक असणार? नवी नवरी म्हणून आलात तेव्हा लाँचमधून उतरताना एक चप्पल समुद्राला दिलीत, आणि तेव्हापासून राणीसाहेबांनी बेट सोडलेलं नाही. घर सोडवत नाही म्हणे. माणसं दवाखान्यात पडली तरी सोडवत नाही.

रागाच्या भरात लिहून गेलो. खोडणार होतो, पण पेनातली शाई संपत आलीय. मसुदा दुरुस्त करून पाठवा.

तुमचा दीर


१९ मार्च

भावजी,

इतकं मोठं पत्र तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंत. दोनदा वाचलं. मिस्त्रीलाही वाचून दाखवलं, तो म्हणाला, आपल्या साहेबांचा आवाज परत आला.

दुरुस्त्या केल्या. दक्षिणेचं वळण लिहिलं. झेंडे मात्र मीच लावीन म्हणते, स्वयंपाकघरातले झाडणीचे दांडे आहेत, त्यांना लाल फडकी बांधली की झालं. वाळू काय, जिथे मऊ लागेल तिथे खोचायचे. लाँचच्या भोंग्याचंही लिहिलंय: "भोंगा वाजला की धावत सुटावे, लाँच लगेच निघते." बरोबर ना?

शेवटी एवढं आहे: "लाँच: शाळेच्या सुट्टीच्या पहिल्या शनिवारपासून सुरू. हात द्यायला दरवर्षीप्रमाणे भावजी." यात चूक असेल तर तेवढी कळवा.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

तुमची खोड पकडली आहे.

भोंग्याचं वाचलं आणि पेटलो. पहिला भोंगा आवरायला, दुसरा निघायला, धावायचं कुणीच नाही, असं सगळं कागदावर लिहायला बसलो. आणि मध्येच थांबलो. भोंगे दोन असतात हे तुम्हाला माहीत नाही? दोन्ही भोंगे तुमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. पहिल्याला तुम्ही पाहुण्यांच्या डब्यांची झाकणं लावता. म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहून पाठवता, आणि मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतो. लेकीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

पण शेवटच्या ओळीत चूक आहे, वहिनी. ती काढा.

लेकीलाही सांगितलेलं नाही ते तुम्हाला सांगतो. मागच्या आठवड्यात तिला म्हटलं, पाय मोकळे करून येतो, आणि पिशवी घेऊन सरळ इकडच्या धक्क्यावर गेलो. मिस्त्रीचा सामानाचा दिवस होता. बेटावर घरी यायचं ठरवूनच निघालो होतो. लाँच लागली. मिस्त्रीने पोती चढवली, दोर हातात धरून माझी वाट बघत उभा राहिला. पाय उचलायचा, पलीकडे टाकायचा. एवढंच. त्या मुलीच्या फरशीच्या रेघेपेक्षा फट मोठी नव्हती.

मी पाण्याकडे बघितलं. पाय निघेना. घसरलो तेव्हा अशाच फटीत गेला होता ना पाय, तिथे हाड मोडल्याचा आवाज झाला, तो त्याला आठवत असणार. मिस्त्रीला म्हटलं, चष्मा विसरलो, आणि मागे फिरलो. चष्मा माझ्या नाकावर होता. मिस्त्रीने तो बघितला आणि दोर सोडला. तुम्हाला काही बोलला नसेल, तो तसाच माणूस आहे.

ज्याचा स्वतःचा पाय निघत नाही, त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांना कसला हात द्यायचा? गॉगलवाला पुढच्या आठवड्यात पुन्हा येतोय. हो म्हणून टाकतो. सरबत तर सरबत.

तुमचा दीर


४ एप्रिल

भावजी,

मिस्त्रीने खरंच काही सांगितलं नव्हतं. आता ते वाचून मी त्याला दोन कप चहा दिला, का ते त्याला कळलं नाही.

झेंड्यांचं, खडकांचं, टेकाडाचं, भोंग्याचं मुद्दाम लिहिलं होतं. कबूल. तुम्ही चिडल्याशिवाय बोलत नाही, मग दुसरा काय इलाज? पण एक चूक खरी होती. पाण्याकडे बघत चढावं, हे मला बरोबरच वाटलं होतं. तुम्ही ओरडलात तेव्हा पहिल्यांदा कळलं की उलटं असतं. तुमचं वाक्य मला लांबून कधी ऐकूच आलं नाही, कारण लाँच लागते तेव्हा मी धक्क्यावर नसते. फाटकापाशी असते, आणि तुम्हाला वाटतं मी पाहुण्यांचं स्वागत करायला उभी आहे.

तो चपलेचा किस्सा तुम्ही दर हंगामात पाहुण्यांना सांगता. वहिनी एका चपलेवर सासरी आल्या. सगळे हसतात, मीही हसून दाखवते. भावजी, मला त्यात कधीच हसू आलं नाही. मी पाण्याकडे बघत होते. चप्पल पडली, फटीतल्या पाण्याने ती एकदा फिरवली आणि खाली घेतली. नवी होती, तरंगायला हवी होती. तेव्हाच मनात आलं, आता या फटीवरून परत पाऊल टाकायचं नाही. तुमच्या दादांना सांगायची लाज वाटली. पुढे पाहुण्यांचं घर वाढलं, आणि वहिनींना घर सोडवत नाही असं लोकच म्हणू लागले. मी म्हटलं, बरं झालं. माझा भाऊ दर वर्षी येऊन भेटतो. भाचीच्या लग्नाला गेले नाही तेव्हाही पाहुण्यांचं नाव सांगितलं.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी रोज तयार होऊन इथल्या धक्क्यापर्यंत यायची. रोज. मिस्त्री लाँच सुरू ठेवून उभा राहायचा. मग मी म्हणायची, रंगारी यायचाय. एकदा तर त्या बिचाऱ्याला खरंच बोलावून घेतलं, म्हणजे खोटं ठरायला नको. ते चार भिंतींचं काम तसं निघालंय, भावजी. रंग चांगला आला असेल म्हणून तुम्ही लिहिलंत, तेव्हा मी त्या भिंतीला पाठ लावून बसून रडले. तुम्हाला राग यायचा हक्क होता. पण कारण वेगळं होतं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

तर आता ऐका. तुम्ही येत नसाल तर मी येते. येत्या सामानाच्या दिवशी मिस्त्रीबरोबर. माणसं न्यायचा परवाना नाही, तर मला पोत्यांत धरा. तुम्ही पलीकडच्या धक्क्यावर उभे राहा आणि मला उतरवून घ्या. मग लाँचचं काय ते ठरवा. गॉगलवाल्याला तोवर चहावर थांबवा, गॉगलसकट.

वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

हा वेडेपणा करू नका.

करणारच असाल तर नीट वाचा. सकाळी निघा, तेव्हा भरती भरत आलेली असेल आणि लाँचचा काठ धक्क्याच्या बरोबरीला येईल. चप्पल घालू नका. लेस बांधायचे बूट घाला, छत्रीवाल्या बाईंचा जुना जोड कपाटात आहे, तो तुम्हाला होईल. हातात पिशवी नको, डबा नको. मला माहीत आहे तुम्ही डबा आणणार. तो मिस्त्रीकडे द्या. चढताना मिस्त्रीच्या हाताकडे बघा. त्याचे हात ग्रीसने काळे असतात, तिकडे दुर्लक्ष करा. पाण्याकडे बघू नका. पाय टाकताना श्वास सोडा. चढल्यावर मधल्या बाकावर बसा, तिथे हेलकावा कमी.

रोज धक्क्यापर्यंत यायचात, हे कुणीच कसं सांगितलं नाही? मिस्त्रीला मी बोलणार आहे. त्याच्या तोंडाला किती कुलपं आहेत ते तरी कळू दे.

चपलेचा किस्सा पुन्हा कुणाला सांगणार नाही.

मी धक्क्यावर उभा असेन. पुढचं काही कबूल करत नाही. लेक बरोबर येते म्हणाली, तिला नको म्हटलं.

तुमचा दीर


उन्हाळी खबर
(आमच्या नेहमीच्या आणि नव्या पाहुण्यांसाठी. समुद्राचा भाग भावजींनी तपासला आहे. ते समासात लिहायचं थांबवत नाहीत, म्हणून त्यांचं लिहिलेलंही कंसात छापलं आहे.)

खोल्या: समुद्राकडच्या खोल्यांना नवा पांढरा रंग दिला आहे. (पिवळट आहे. — भावजी)

पोहायला: दक्षिणेचं वळण. वाळू यंदा बरीच आत सरकली आहे, त्यामुळे लहान मुलांना खेळायला जागा वाढली. झेंड्यांच्या आतच राहावे. (झेंडे मी स्वतः चालून लावले आहेत. झाडणीचे दांडे वापरलेले नाहीत.) उत्तरेच्या काळ्या खडकांकडे फक्त बघावे. छत्रीवाल्या बाई बघतातच.

टेकाड: ओहोटीला जावे, हात लावावा, परत यावे. (लगेच.)

भोंगे: दोन. धावू नये.

लाँच: बऱ्याच जणांनी विचारलं, लाँच हिरवळीवर जाणार असं ऐकलं ते खरं का. खरं होतं. आता नाही. काय झालं ते एकदाच सांगते, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं सांगावं लागणार नाही.

पाय मोडल्यापासून भावजींना धक्क्यावरून लाँचमध्ये पाऊल टाकवत नव्हतं. मला तर लग्न होऊन आले तेव्हापासून टाकवत नव्हतं. मागच्या आठवड्यात मी मिस्त्रीच्या काळ्या हाताकडे बघत, दुसऱ्याच्या बुटांत, डोळे भरून आलेले असताना चढले. सबंध वाट मधल्या बाकाला धरून बसले. पलीकडे भावजी धक्क्याच्या अगदी काठावर उभे होते. लाँच लागली. त्यांनी हात पुढे केला आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय ते वाक्य म्हटलं. मी उठले, काठापर्यंत गेले, आणि माझा पाय निघेना. मी पाण्याकडे बघितलं. मिस्त्री म्हणाला, बसा पुन्हा. बसताही येईना. लाँच हलत होती आणि मी मध्येच खुंटासारखी उभी.

भावजींनी मला हाक मारली, तरी मी पाण्याकडेच बघत होते. मग ते आले. धक्क्यावरून सरळ लाँचमध्ये, मोडलेल्या पायानेच पहिलं पाऊल टाकून, आणि माझा दंड धरून मला बाकावर बसवलं. पाण्याकडे बघू नका म्हणून मला रागे भरत होते, आणि रागे भरता भरता त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे उभे आहोत. मग तेही माझ्या शेजारी बसले. 

मिस्त्रीने विचारलं, "आता?"

"आता काय," भावजी म्हणाले. "घरी."

(वहिनींचा पाय खरोखर अडला होता की त्यांनी अडवला होता, हे त्या सांगत नाहीत. त्यांचा आधीचा लौकिक बघता मी दोनदा विचारलं. — भावजी)

पाहुण्यांना त्याच्याशी कर्तव्य नाही.

पलीकडच्या धक्क्यावर माझं पाऊल अजून पडलेलं नाही. हंगाम संपला की भावजींच्या नातीकडे राहायला जायचं कबूल करून बसले आहे, तेव्हा ते पडेल. सवय व्हावी म्हणून रोज सकाळी इथे बांधलेल्या लाँचमध्ये चढते आणि उतरते. पहिल्या दिवशी रडले, काल नाही रडले.

तर लाँच सुट्टीच्या पहिल्या शनिवारपासून सुरू. आपल्या फाटकापाशीच लागेल. कोर्टातल्या साहेबांसाठी धक्क्यावर खुर्ची ठेवली आहे. शक्यतो लेस बांधायचे बूट घालून यावे. चढता-उतरताना पाण्याकडे बघू नये, हाताकडे बघावे. लाँचमधून तो हात भावजींचा असेल, आणि इकडच्या धक्क्यावरून माझा.

(इथे दुरुस्ती नाही. — भावजी)